अंड्याची वाटी कधी उचलायची?

घरात बजरीगरांची जोडी आली की महिन्याभरात एक प्रश्न येतोच: यांना अंडं चालतं का? मला तो लक्ष्मी मंडईत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय आणि एका लग्नात तर अक्षता पडायच्या आधी विचारलाय. आमच्या गच्चीवर पक्षी आहेत हे बाळीवेशीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या हेही ठाऊक आहे. तेव्हा उत्तर बाईंकडे असणारच, अशी लोकांची खात्री.

उत्तर एका शब्दात संपतं: चालतं. पण तेवढंच ऐकून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी अख्खं अंडं उकडतो, वाटीत कुस्करून पिंजऱ्यात ठेवतो आणि ड्युटीवर निघून जातो. एप्रिलातल्या सोलापुरात ते अंडं दुपारपर्यंत तसंच पडून राहिलं, तर संध्याकाळी पिंजऱ्याजवळ उभं राहवत नाही. म्हणून मी उत्तर जरा लांबवते. चालतं, पण वाटी ठेवायला जेवढी अक्कल लागते त्याच्या दुप्पट ती उचलायला लागते. त्याच दिवशी कधी उचलायची, आणि हंगाम संपल्यावर कधी उचलायची, ही दोन्ही उत्तरं ज्याच्याकडे आहेत त्याने खुशाल अंडं द्यावं.

पक्ष्याला पक्ष्याचं अंडं?

पहिला आक्षेप बहुतेक घरांत आजीचा असतो. पाखराला पाखराचंच अंडं खायला घालायचं, हे कसं? आक्षेप साधा आहे आणि त्याला उत्तरही साधं आहे. दुकानात मिळणारं पोल्ट्रीचं अंडं फलित नसतं. कोंबड्याविना घातलेलं असतं. त्यातून पिल्लू निघायचं नसतंच. दुसरं असं की कुठल्याही पक्ष्याच्या आयुष्यातलं पहिलं अन्न म्हणजे अंड्यातला बलक. कवचाच्या आत वाढणारं पिल्लू त्यावरच पोसतं, आणि बाहेर यायच्या सुमारास उरलेला बलक पोटात ओढून घेतं. पहिल्या एक-दोन दिवसांची शिदोरी म्हणून तो त्याला पुरतो. अंडं पक्ष्याला परकं नाही.

दुसरी भीती अशी की एकदा चव लागली तर मादी स्वतःची अंडी फोडून खाईल. मादी अंडी फोडते त्याची कारणं वेगळी असतात: शरीरात कॅल्शियम कमी पडणं, अंड्याचं कवचच पातळ असणं, पिंजऱ्यात दाटी किंवा सतत त्रास. वाटीतल्या पिवळ्या-पांढऱ्या भुग्याचा आणि घरट्याच्या मडक्यातल्या आपल्या गोल अंड्याचा संबंध ती जोडत नाही.

मी बोलतेय ते पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी पक्ष्यांबद्दल. बजरीगर, ज्याला आपल्याकडे बहुतेक दुकानांत लव्हबर्डच म्हणतात, कॉकटेल, खरा लव्हबर्ड, झेब्रा फिंच, कॅनरी. आपला हिरवा पोपट, मुनिया, मैना यांना पिंजऱ्यात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलेलं आहे. ते पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या सोलापुरातल्या लोकांना तरी वेगळं सांगायला नको. मकाव, आफ्रिकन ग्रे अशा महागड्या परदेशी जाती पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरीगर आणि कॉकटेल त्या यादीत येत नाहीत.

राळ्यात काय नसतं

दुकानदार पिंजऱ्याबरोबर एक पिशवी हातात देतो. तिच्यात राळं, बारीक बाजरी, कधी थोडं सूर्यफुलाचं बी. पक्षी टुकटुक टरफलं उडवत खातो, आपल्याला वाटतं झालं. वर्षभर चालतंही. मग एके दिवशी नाक चिकटू लागतं, पिसांची चकाकी जाते, मादीचं अंडं मऊ पडतं किंवा पिल्लं पंख फुटायच्या आत मरतात.

कोरड्या दाण्यात प्रथिनं साधारण दहा-बारा टक्के असतात. बसून राहिलेल्या मोठ्या पक्ष्याला ती पुरतात. पण धान्यातल्या प्रथिनात लायसिनसारखी काही अमायनो आम्लं तोकडी असतात. कॅल्शियम नावापुरतं असतं. अ जीवनसत्त्व जवळपास नसतं, ड तर नसतंच. सूर्यफुलाच्या बीमध्ये निम्मी चरबी असते, त्यामुळे पक्षी जाडजूड दिसतो आणि आतून कुपोषित राहतो.

अंड्यात नेमकं हेच भरून काढणारं साहित्य आहे. कवच सोडून पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिन, पाचेक ग्रॅम चरबी, बाकी बहुतेक पाणी. पाणी वजा केलं तर उरलेल्या ऐवजात निम्मं प्रथिन असतं. सगळी आवश्यक अमायनो आम्लं त्यात योग्य प्रमाणात असतात. इतर अन्नातल्या प्रथिनाची प्रत ठरवताना शास्त्रज्ञ बराच काळ अंड्याचंच माप लावत आले. अ, ड, ई ही जीवनसत्त्वं बलकात असतात. ‘पांढरं तेवढं द्या, पिवळं जड पडतं’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकलं तर प्रथिन मिळेल, पण अ आणि ड जीवनसत्त्वं ताटातच राहतील.

ड जीवनसत्त्वाचा एक उपाय सोलापुरात फुकट आहे: ऊन. कोवळ्या उन्हात पक्ष्याच्या शरीरात ते तयार होतं. मात्र खिडकीच्या काचेआडून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. त्यातले जरूर ते किरण काच अडवते. पिंजरा सकाळी थोडा वेळ गच्चीत किंवा गॅलरीत हवा, आणि अर्ध्या भागावर सावली हवीच.

हुरडा, चिमणी आणि ऑस्ट्रेलिया

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. जॉन गुल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले आणि तिथून ते जगभर पसरले. तिकडे रानात हा पक्षी अंडी तर सोडाच, किडेही फारसे खात नाही. गवताचं बी हाच त्याचा आहार. मग पिंजऱ्यात आला म्हणून त्याला अंडं कशाला, हा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला विचारला होता, आणि फार चांगला विचारला होता.

उत्तर सोलापूरच्या माणसाला पटकन समजतं, कारण त्याला हुरडा माहीत आहे. पौषात ज्वारीचा दाणा दुधाळ, हिरवा, गोडसर असतो. तोच दाणा फाल्गुनात वाळून कडक होतो. रानातला बजरीगर पाऊस पडला की हिरव्या गवतामागे जातो आणि बी असं हुरड्यात असताना जोडी जमवतो. पिल्लांना भरवायला त्याच्यापाशी ओलं, मऊ, अर्धं पिकलेलं बी असतं. आपण देतो ते पोत्यातलं वाळकं राळं. त्या दोन्हींत जो फरक आहे, तो भरून काढायला उकडलेलं अंडं कामी येतं.

आपल्याकडची चिमणी हेच दुसऱ्या तऱ्हेने करते. ज्वारीच्या कणसावर तुटून पडणारी चिमणी पिल्लांसाठी मात्र अळ्या आणि किडे गोळा करते. सुगरणही तसंच. स्वतःचं पोट दाण्यावर भागतं, पण काही दिवसांत अंगावर पिसं आणायची असलेल्या पिल्लाचं भागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९८६ मध्ये कॉकटेलच्या पिल्लांवर केलेलं काम पक्षीपालकांत प्रसिद्ध आहे: आहारात २० टक्के प्रथिन असताना पिल्लं सगळ्यांत चांगली वाढली. दाण्यातल्या दहा-बारा टक्क्यांना दुप्पट करायचं म्हणजे दाण्याबाहेर जावंच लागतं.

युरोपात हे अनुभवाने फार आधी कळलं होतं. फ्रान्समध्ये हर्व्हियो नावाचे गृहस्थ एका राजकुळातल्या बाईंच्या कॅनरी सांभाळायला होते. त्यांनी १७०९ मध्ये कॅनरी पाळण्यावर पुस्तक काढलं. पुढे जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या खाणकामगारांनी गाणारे कॅनरी वाढवून विकले. उकडलेलं अंडं आणि पावाचा किंवा बिस्किटाचा चुरा हे मिश्रण कॅनरीवाल्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलं. आज दुकानात ‘एग फूड’ म्हणून पिवळा भुगा मिळतो तो त्याचाच वारस. बंद पाकिटातला, तारीख पाहून घेतलेला असेल तर ठीक. सुटा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला घेऊ नये. तो कधीचा आहे, दमट झालाय का, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

आमच्या घरची रीत

आता अडचण माझी. गळ्यात इष्टलिंग असलेल्या आमच्या घरात अंडं शिजत नाही. सासूबाईंचा नियम आहे आणि मी तो मोडत नाही. भिंतीपलीकडे तेलुगू कुटुंब राहतं. वहिनी रोज सकाळी पोरांच्या डब्यासाठी अंडी उकडतात. त्यातल्या एकाचा चतकोर तुकडा स्टीलच्या वाटीतून आमच्या गच्चीच्या कठड्यावर येतो. “बाई, आज टरफल पण पायजे का?” एवढंच विचारतात. वाटी गच्चीतल्या नळावर धुतली जाते, खाली येत नाही. सासूबाई रोज पिल्लांची चौकशी करतात, पण वाटीकडे बघत नाहीत. “पाखराला कसलं सोवळं,” असं म्हणून त्यांनी स्वतःपुरता प्रश्न मिटवला आहे.

या रीतीचा मोठा फायदा असा की प्रमाण आपोआप सांभाळलं जातं. बजरीगराचं वजन तीस ते चाळीस ग्रॅम. म्हणजे सोललेलं अंडं त्या पक्ष्यापेक्षाच जड. एका जोडीसाठी आख्खं अंडं उकडणं हा हिशेबच चुकीचा आहे. एका बजरीगराला एका वेळी अर्धा लहान चमचा मिश्रण पुष्कळ झालं, कॉकटेलला एक चमचा. उरलेलं अंडं घरातल्या माणसांनी खावं किंवा शेजारच्या पोराला द्यावं.

करायचं असं. अंडं उकळत्या पाण्यात बारा मिनिटं. बलक पूर्ण घट्ट हवा, मधोमध ओलसर नको. बलकाभोवती हिरवट कडा आली तर घाबरू नये. गंधक आणि लोह एकत्र आल्याने ती येते, अपाय नसतो. कच्चं अंडं मुळीच नाही. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही; उष्णतेने ते निकामी होतं. साल्मोनेला जंतूंचा धोका आहेच. तेल, मीठ, तिखट, हळद काहीही नाही. भुर्जी, ऑम्लेट नाही. आणि पिंजऱ्याजवळ नॉनस्टिक तवा तर कधीच नाही. तो जास्त तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो, माणसाला कळायच्याही आत.

उकडलेला चतकोर काट्याने बारीक करायचा, पांढरं आणि पिवळं दोन्ही. आता तो ओलसर गोळा कोरडा करायला काहीतरी हवं. युरोपवाले बिस्किटाचा चुरा घालतात, त्यात साखर आणि तेल येतं. मी ज्वारीची कडक भाकरी घालते. सोलापूरची कडक भाकरी पाहुण्यांना शेंगाचटणीबरोबर आवडते. पक्ष्यांसाठीची मी घरी बिनमिठाची, तीळ न लावता थापते, तव्यावर वाळवते आणि खलबत्त्यात कुटून बरणीत ठेवते. चमचाभर चुरा, किसलेलं गाजर, शेवग्याचा चिरलेला कोवळा पाला. सगळं चोळल्यावर मिश्रण उपम्यासारखं मोकळं झालं पाहिजे. चिकट राहिलं तर चोचीला, नाकपुडीला लागतं आणि पिल्लांच्या तोंडाभोवती वाळून बसतं.

शेवटी टरफलाची चिमूट. अंड्याच्या आतल्या भागात कॅल्शियम फार कमी आणि फॉस्फरस त्याच्या तिपटीच्या वर. शरीराला हवं असतं उलट. नुसतं अंडं भरवत राहिलं तर हा तोल आणखी बिघडतो, आणि नेमकी अंडी घालणारी मादी कॅल्शियमला मुकते. पण निसर्गाने औषध बाहेरच गुंडाळून ठेवलं आहे. टरफल जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं. अंड्याबरोबर उकडलेलं टरफल वाळवायचं, तव्यावर कोरडं भाजायचं, रव्याइतकं बारीक कुटायचं. समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्याच्या जाळीला अडकवला असेल तर मादी तिला हवं तेवढं कुरतडून घेते.

पहिल्या दिवशी पक्षी वाटीकडे संशयाने बघतील. बजरीगराला दाणा सोडून काही अन्न असतं हे पटायला वेळ लागतो. सकाळी दाण्याची वाटी भरायच्या आधी हे मिश्रण ठेवावं, वर थोडं राळं भुरभुरावं. एकाने चोच घातली की बाकीचे येतात. दाणा पूर्ण बंद करून उपाशी ठेवायचं नाही. इतक्या लहान पक्ष्याला एक दिवसाचा उपासही महागात पडतो.

आज कधी उचलायची

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात उचलावं, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा माणसांसाठीचा नियम आहे. सोलापुरात मार्चपासून जूनपर्यंत दुपारचा पारा ३२ च्या खाली क्वचितच येतो. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. म्हणजे आपल्याला एक तासाचाच नियम लागू. अंडं म्हणजे ओलावा, प्रथिन आणि उष्णता. जंतूंना याहून काय हवं?

मी सकाळी सातच्या सुमारास वाटी ठेवते. पक्षी तेव्हा भुकेले असतात, पाऊण तासात चाटूनपुसून खातात. आठच्या आत वाटी बाहेर, पिंजऱ्याच्या तळाशी सांडलेला चुराही बाहेर. पिल्लं असतील तेव्हा संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसरं ताजं मिश्रण. सकाळचं फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी नाही. ज्यांच्या घरी सकाळी सगळे एकदम बाहेर पडतात त्यांनी अंड्याचा दिवस रविवारचा ठेवावा.

आणखी एक काळजी महाराष्ट्राला नवी नाही. देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात, उदगीरला कावळे मरून पडले. अशा बातम्या आल्या की लोक अंडं बंद करतात. ७० अंशांच्या वर नीट शिजवलेल्या अन्नात तो विषाणू टिकत नाही, त्यामुळे घट्ट उकडलेल्या अंड्याची भीती नाही. धोका आहे तो कच्च्या टरफलाला चिकटलेल्या विष्ठेचा, आणि अंडी हाताळून तसाच पिंजऱ्यात घातलेल्या हाताचा. रानीखेत, म्हणजे ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तिच्याबाबतीतही तेच. टरफल न शिजवता कुटून देणारे काही जण असतात. त्यांनी तेवढं थांबवावं. आणि घरात कोंबड्या असतील तर त्यांची आणि पिंजऱ्याची भांडी, झाडू वेगळे असावेत.

हंगाम संपल्यावर

रोज अंडी खा असं सांगणारी ‘एनईसीसी’ची जाहिरात माणसांसाठी होती. पक्ष्याच्या शरीराला अंड्यातून एक निरोप पोचतो: सुबत्ता आली, पाऊस झाला, घरटं करा. ऑस्ट्रेलियात हिरव्या बियांनी जे होतं तेच पिंजऱ्यात मऊ, प्रथिनांनी भरलेल्या खाण्याने होतं. जोडी जमवायची असेल तेव्हा हा निरोप हवासा असतो. दोन-तीन आठवडे आधी आठवड्यातून दोन-तीनदा अंडं सुरू करायचं. बजरीगराची मादी एक दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी घालते. पहिल्या अंड्यावर साधारण अठरा दिवस. पिल्लू निघतं तेव्हा दोनेक ग्रॅमचं, आंधळं, उघडंबोडकं असतं, आणि महिन्याभरात आईबापांच्या वजनाला पोचतं. या महिन्यात अंडं रोज द्यावं, दोन वेळा दिलं तरी चालतं. आईबाप ते खाऊन अन्नपिशवीतून पिल्लांना भरवतात. पिल्लाच्या गळ्याखाली हात लावून बघा, कातडीतून पिवळसर भरलेली पिशवी दिसते. तिथे कळतं की वाटीतलं अंडं पोचलं.

पिल्लं मडक्यातून बाहेर येऊन स्वतः दाणे फोडू लागली की वाटी कमी करायची. आधी दिवसाआड, मग आठवड्याला एकदा, आणि मडकं काढून ठेवायचं. ज्याने हे केलं नाही त्याची मादी एका विणीतून लगेच दुसऱ्या विणीत जाते. तिच्या हाडांतलं कॅल्शियम अंड्यांच्या कवचांत जातं, मग कवच मऊ होतं आणि अंडं अडकतं. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपूट खालीवर हलवत कुंथणारी मादी दिसली तर तिला ऊब द्यायची आणि त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. घरगुती तेलबोट करत बसण्यात ती हातची जाते.

एकट्या कॉकटेल मादीच्या बाबतीत तर जास्तच सांभाळायला हवं. नर नसतानाही ती अंडी घालत सुटते, आणि मालक कौतुकाने तिला आणखी अंडं भरवतो. तिथे अंडं बंद, मऊ पदार्थ बंद, अंधाऱ्या कोपऱ्यातली खोकी बंद, आणि संध्याकाळी पिंजरा लवकर झाकायचा. पावसाळ्याच्या आसपास किंवा केव्हाही पिसं झडत असतील तेव्हा मात्र आठवड्यातून दोनदा अंडं चांगलं लागतं; पीस प्रथिनाचंच बनतं. एरवी आठवड्याला एकदा पुरे.

जास्त झालं तर दिसतं कसं? पक्षी जादा नत्र युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतो. विष्ठेतला पांढरा भाग तोच. प्रथिनाचा मारा चालू राहिला तर मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि पायांच्या सांध्यांत युरिक ॲसिड साचून पक्ष्यालाही गाऊट होतो. दुसरीकडे चरबी चढते. हे डोळ्यांनी लवकर कळत नाही, कारण पिसं सगळं झाकतात. म्हणून मी सराफासारखा लहान डिजिटल काटा ठेवला आहे. आठवड्यातून एकदा पक्षी डब्यात घालून तोलायचा आणि वहीत लिहायचं. चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम वाढले म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो वाढले. अंडं वाढवायचं की थांबवायचं, हे मी वहीवरून ठरवते. डॉक्टरांकडे जातानाही ही वही न्यावी. सोलापुरात गाई-म्हशींचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सहज मिळतात, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत रस असलेला शोधावा लागतो. तो पक्षी धडधाकट असतानाच शोधून ठेवावा.

अंडं नकोच असेल तर

आपल्याकडे अंड्यावरचा वाद पोषणाचा कमी आणि ताटाचा जास्त असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं, न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. मी शाळेत आयुष्य काढलेलं असल्याने त्यावर माझं मत आहे, पण ते इथे नको. पक्ष्यांपुरतं सांगते: ज्यांच्या घरात अंडं येत नाही त्यांनी पक्षी पाळूच नयेत, असं मुळीच नाही.

मूग आणि मटकी मोड आणून, राळं आणि बाजरी रात्रभर भिजवून मोड फुटताना द्यावी. मोडांना वास आला तर ते टाकून द्यावेत. ज्वारीचे मोड मात्र देऊ नयेत. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं; ती खाऊन जनावरं दगावतात हे आपल्या शेतकऱ्याला पक्कं माहीत असतं. हुरड्याच्या दिवसांत न भाजलेलं दुधाळ कणीस पिंजऱ्यात लटकवावं, बजरीगर त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्यांच्या मूळ गावच्या जेवणाच्या इतकं जवळ दुसरं काही आपल्याकडे नाही. शेवग्याचा पाला आणि कोथिंबीर रोज चालते. समुद्रफेस कायम टांगलेला असावा. चांगल्या प्रतीचा तयार पेलेट आहार सवयीने खाऊ घालता येतो, त्यात प्रथिनं आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. दूध देऊ नये. ते पचवणारं विकर पक्ष्यांकडे नसतं. एवढ्यावर बिनविणीचा पक्षी उत्तम राहतो. पिल्लं काढायची असतील तेव्हाच अंड्याची उणीव जाणवते, आणि पिल्लं काढणं सक्तीचं नाही.

तेव्हा मला विचाराल तर अंडं द्यायला परवानगी सगळ्यांना, पण दोन अटींवर. सकाळी तासाभराने पिंजऱ्याशी परत येणारं माणूस घरात हवं, आणि पिल्लं उडाल्यावर मडकं काढून ठेवण्याइतकं मन घट्ट हवं. ज्याला हे जमणार नाही त्याने वाटी ठेवूच नये. भिजवलेलं राळं, शेवग्याचा पाला आणि सकाळचं ऊन यांवर त्याचा पक्षी, बाहेर ठेवून विसरलेल्या अंड्यापेक्षा, जास्त वर्षं जगेल.